धाकटा दुसरीत वाचायला शिकला, त्या वर्षाची हकीकत

परवा शाळेतून धाकट्याचं प्रगतीपत्रक आणलं आणि त्याच रात्री ठरवलं की हे लिहून ठेवायचं. गेल्या जुलैत मी रात्री बारा वाजता फोनवर "दुसरीतला मुलगा वाचत नाही काय करावं" असं शोधत बसलो होतो आणि जे सापडत होतं ते एकतर क्लासच्या जाहिराती नाहीतर घाबरवून सोडणारं काहीतरी. आमचं असं असं झालं, इतके दिवस लागले, इथे चुकलो, असं एखाद्या आईने किंवा बापाने सरळ लिहिलेलं मिळालं असतं तर त्या रात्री मला झोप लागली असती. म्हणून लिहितोय, लांबलंय, पण ज्यांना गरज आहे ते वाचतील.

मराठी माध्यमाची शाळा, दुसरीचा वर्ग, पटावर ३८ मुलं आणि बाई एकट्या. घरात मी, बायको, पाचवीतली थोरली लेक आणि हा. थोरली पहिलीत कधी वाचायला लागली ते आम्हाला कळलंसुद्धा नव्हतं, एक दिवस वर्तमानपत्राचं शीर्षक वाचून दाखवलं आणि झालं. त्यामुळे आमची समजूत अशी की मुलं बोलायला लागतात तशी वाचायलाही लागतात. बोलणं ऐकून ऐकून येतं, वाचन मात्र कुणीतरी शिकवावंच लागतं, काहींना थोडं आणि काहींना भरपूर, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं.

शाळा १५ जून २०२४ ला सुरू झाली. बाईंची पद्धत छान होती, दर सोमवारी सकाळी त्या आठवड्याचं नियोजन पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायच्या. एकच पान. मराठीचा कोणता पाठ, गणितात काय, श्रुतलेखनाचे दहा शब्द, आणि खाली एक चौकट, "घरी काय कराल". मला मात्र हे मिळतच नव्हतं, कारण शाळेच्या रजिस्टरला माझा जुना नंबर होता आणि तो दोन वर्षांपूर्वीच बंद झालेला. गेटवर दुसऱ्या एका पालकाने सहज विचारलं, "या आठवड्याचं नियोजन बघितलं का?" तेव्हा कळलं की असं काही असतं! १ जुलैला ऑफिसात गेलो. क्लार्क म्हणाले लेखी अर्ज द्या, मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी, जुना नंबर, नवा नंबर, सोबत ओळखपत्राची झेरॉक्स. झेरॉक्स नव्हती, परत जाऊन आणली. नंबर बदलून ग्रुपमध्ये यायला १२ जुलै उजाडला. म्हणजे अकरा दिवस, आणि शाळा सुरू होऊन जवळजवळ महिना. तेव्हा पहिली गोष्ट ही करा, जूनच्या पहिल्या आठवड्यातच रजिस्टरला कोणता नंबर आहे ते विचारून घ्या आणि आईबाबा दोघांचेही नंबर द्या.

यातलाच आदला दिवस माझ्या डोक्यात कायमचा बसलाय. ११ जुलै, गुरुवार, रात्री साडेआठ. धाकटा माझ्या शेजारी बसून मराठीचं पुस्तक वाचून दाखवत होता, चांगलं खणखणीत, बोट फिरवत. मी मनात खूश. मग त्याने पान उलटलं आणि वाचत राहिला, पण माझ्या लक्षात आलं की तो वाचतोय ते समोरच्या पानावर नाहीच. दोन पानं एकमेकांना चिकटली होती, मधलं पान न उघडताच त्याने पलटलं होतं आणि त्या न दिसणाऱ्या पानावरचा मजकूर तो घडाघडा म्हणत होता, बोट मात्र पुढच्या पानावरच्या ओळींवरून फिरत होतं. चित्रही वेगळं होतं. त्याला काहीच खटकलं नाही. मी हळूच त्याचं बोट धरून एका शब्दावर ठेवलं, शब्द होता "गवत". म्हटलं, हा कोणता? तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बाबा, हा पाठ बाईंनी अजून वाचला नाही."

म्हणजे वर्षभर पोरगं ऐकून पाठ करत होतं. पहिलीतही तेच केलं असणार. वाचता न येण्याची त्याला लाज वाटत होती असंही नाही, वाचन म्हणजे हेच असतं असं त्याला वाटत होतं.

यानंतरच्या चार दिवसांबद्दल मला आजही वाईट वाटतं. शुक्रवारपासून मी त्याला धरून बसवलं. मुळाक्षरं, बाराखडी, सगळी पुन्हा पहिल्यापासून, रोज दीड-दोन तास, चुकलं की दहा वेळा लिही. मध्ये मध्ये तोंडातून निघायचं, ताईला बघ. रविवारी संध्याकाळी तो वहीवर डोकं ठेवून रडला, आणि सोमवारी सकाळी पोटात दुखतंय म्हणून शाळेत जायला तयार होईना. बायको त्याला जवळ घेऊन बसली आणि मला म्हणाली, "आता तुम्ही थांबा. बाईंना भेटू." थांबलो.

त्या दिवशीच, १५ जुलैला, बाईंना मेसेज न करता डायरीत चिठ्ठी लिहून पाठवली. हे मला एका शिक्षिका असलेल्या नातेवाईक बाईंनी सुचवलं होतं, मेसेज शेकड्यांत वाहून जातात, डायरीतली चिठ्ठी हातात येते. चिठ्ठी चार ओळींचीच होती, मुलगा पाठ करून म्हणतो पण नवीन शब्द वाचता येत नाहीत असं घरी लक्षात आलं, तुम्हाला वर्गात काय दिसतं, भेटायला कधी येऊ. दुसऱ्या दिवशी उत्तर, शनिवारी २० तारखेला सकाळी साडेअकराला या. अर्धा दिवस रजा टाकली. वर्षभरात अशा पाच अर्ध्या रजा गेल्या, पैशांपेक्षा खर्च या रजांचाच झाला.

भेट पंचवीस मिनिटांची झाली पण तेवढ्यात सगळं बदललं. बाईंनी त्याला जवळ बोलावलं, पाठकोऱ्या कागदावर सहा शब्द लिहिले, नळ, कप, बदक, मगर, सरळ, गवत. काना नाही, मात्रा नाही, काही नाही. तो म्हणाला "म... ग... र..." आणि थांबला. अक्षरं तिन्ही बरोबर ओळखली, पण ती तीन मिळून मगर होते हे त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. बाई म्हणाल्या, "हे बघा, अक्षर ओळख आहे. जोडणं नाहीये. त्याला पुन्हा बाराखडी लिहायला लावून काही होणार नाही." मी मान खाली घातली. मग त्यांनीच सांगितलं की तो फळ्यावरचं उतरवताना शेजारच्याच्या वहीत बघून उतरवतो, त्यामुळे आधी डोळे आणि कान तपासून घ्या, बाकी सगळं नंतर. आणि निघताना म्हणाल्या, "घरी दुसरी शाळा भरवू नका. रोज दहा मिनिटं त्याचं वाचन ऐका, आणि कुठे अडला तेवढं मला लिहून पाठवा. मला ३८ जणांचं रोज ऐकता येत नाही हो, तुम्हाला एकाचं येतं."

हे वाक्य मी घरी येऊन कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

आता ते जोडणं म्हणजे काय ते थोडं सांगतो कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि तिथेच सगळी मेख आहे. आपल्या लिपीत प्रत्येक अक्षरात अ दडलेला असतो. मूल शिकतं "म", "ग", "र", म्हणजे उच्चारात मअ, गअ, रअ. पण शब्द म्हणताना आपण "मगर" असं म्हणतो, शेवटच्या र मधला अ आपण गिळून टाकतो आणि आपल्याला ते कळतही नाही. मूल तीनही अक्षरं पूर्ण म्हणतं आणि त्याला ऐकू येतं मअगअरअ, असा शब्द त्याने कधी ऐकलेलाच नसतो, मग मगर डोळ्यासमोर येणार कशी? बाईंनी दाखवलं की अक्षरं तोडून म्हणायचीच नाहीत, पहिलं अक्षर लांबवायचं आणि न थांबता घसरत पुढच्यावर जायचं, मऽऽगर. पहिले दोन आठवडे आम्ही फक्त एवढंच केलं. दोन अक्षरी, मग तीन अक्षरी, बिनकान्याचे शब्द. पुस्तकाला हातही लावला नाही.

डोळ्यांचं असं झालं, २२ जुलैला फोन केला, २९ ची वेळ मिळाली. दोन्ही डोळ्यांना नंबर निघाला, फार नाही पण मागच्या बाकावरून फळा धूसर दिसेल इतका. २ ऑगस्टला चष्मा आला. त्याने कधी तक्रार केली नव्हती, कारण फळा सगळ्यांना असाच दिसतो असं त्याला वाटायचं. पहिल्यांदा चष्मा लावून वर्गात गेला त्या दिवशी घरी येऊन सांगत होता की बाई तारीख लिहितात तिच्याखाली वारही लिहितात! कानांची तपासणी सरकारी रुग्णालयात केली, १२ ऑगस्टला, केसपेपर काढून दोन तास रांग, कान उत्तम निघाले. शाळेत पुढच्या बाकासाठी मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज आणि सोबत नंबरच्या कागदाची झेरॉक्स दिली, तिसऱ्या दिवशी जागा बदलली. मूळ कागद कुठेच देऊ नका, झेरॉक्सच द्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या.

मग ऑगस्टपासून आमचा आठवडा बसला. सोमवारी नियोजन आलं की मी आणि बायको ते नीट वाचायचो आणि त्यातलं त्याच्यासाठी एकच काहीतरी निवडायचो, कारण सगळं करायला गेलं की आमची पुन्हा शाळा भरायची. मंगळवार ते शुक्रवार रोज दहा मिनिटं, खेळून आल्यावर हातपाय धुतले की लगेच, जेवणाआधी. जेवणानंतर केलं तर तो पेंगतो, हे दोन दिवसांत कळलं. शनिवारी शाळेतही दप्तर नसायचं, मग आम्हीही चिठ्ठ्यांचा खेळ खेळायचो, शब्द लिहून घरभर लपवायचे, सापडला तो वाचून दाखवायचा, थोरली यात सगळ्यात उत्साहाने असायची. रविवार पूर्ण सुट्टी. आणि ती सुट्टी आम्ही खरंच पाळली, यावर बायको ठाम होती.

घरच्या अभ्यासाबद्दल एक गोष्ट बऱ्याच पालकांना माहीत नसते म्हणून सांगतो. २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत घरचा अभ्यास देऊच नये असं म्हटलंय, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. आठवड्याला, रोज नाही. बाईंच्या "घरी काय कराल" चौकटीत कधीच लेखन नसायचं, ऐका, बोला, मोजा, वाचून दाखवा एवढंच, आणि काही पालक ग्रुपवर लिहायचे की बाई अभ्यास देत नाहीत. सुरुवातीला मलाही तसंच वाटलं होतं.

आता वही. दोनशे पानी साधी वही, प्रत्येक पानावर तारीख, काय वाचलं, आणि "कुठे अडलं". शुक्रवारी त्यातली एक किंवा दोन ओळी डायरीत उतरवून बाईंना पाठवायच्या. एवढंच. मला वाटलं होतं बाई वाचतील न वाचतील. ३० ऑगस्टला मी लिहिलं, "पिशवी, विमान, दिवा हे शब्द वाचताना आधी इ म्हणतो आणि मग अडकतो." सोमवारी त्यांचं खाली उत्तर, लाल पेनाने, "पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतात, आवाज मात्र नंतर येतो. त्याचे डोळे आधी वेलांटी बघतात. वेलांटी आली की बोट पुढच्या अक्षरावर न्यायला सांगा, मग मागे." आणि पुढे आणखी एक ओळ होती, की वर्गात विचारून बघितलं तर अजून नऊ मुलं तिथेच अडतात, म्हणून मंगळवारी सगळ्यांचीच वेलांटी घेते. ती चिठ्ठी वाचून मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. सहा वाजता घरी आल्यावर दहा मिनिटं बसून लिहिलेली माझी एक ओळ दुसऱ्या नऊ घरांतल्या मुलांच्या कामाला आली होती.

तेव्हापासून मी नोंदी नीट लिहायला लागलो. "नीट वाचत नाही" असं लिहून काही उपयोग नाही, नेमका शब्द लिहायचा आणि त्याने त्याऐवजी काय म्हटलं ते लिहायचं. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ही आमची नेहमीची गल्लत. "घर" ला "धर". "भात" ला "मात". ख दिसला की र आणि व. च चा एक वेगळाच घोळ, "चार" आणि "चाक" यात च एकच लिहितो पण आवाज दोन, आणि पुस्तकात तसं काही लिहिलेलं नसतं. तो विचारायचा हा कोणता च? मी सांगायचो, दोन्ही म्हणून बघ, जो ओळखीचा वाटेल तो. हे त्याला आवडायचं, कोडं सोडवल्यासारखं.

सप्टेंबरात गणितात अडला. मी म्हणायचो त्रेचाळीस, तो लिहायचा ३४. पंचवीसला ५२. मला आधी वाटलं अंक उलटे बघतो की काय, पुन्हा पोटात गोळा. पण नीट ऐकलं तर त्याचं काय चुकत होतं? त्रेचाळीस म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि चाळीस नंतर, तो ऐकलं तसं लिहीत होता. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला वीस एक अशी नावं आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, मीही तेव्हा नावं ठेवणाऱ्यांत होतो. आता समोर मूल बसल्यावर कळलं की ती मंडळी कोणत्या अडचणीवर उपाय शोधत होती. आम्ही घरी दोन्ही म्हणायचो, चाळीस आणि तीन, त्रेचाळीस. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून केले. महिन्याभरात सुटलं.

प्रगती मोजायला बाईंनी एक साधी रीत सांगितली होती. महिन्यातून एकदाच, न वाचलेला सोपा उतारा घ्यायचा, एक मिनिट लावायचं, बरोबर वाचलेले शब्द मोजायचे. त्याला घड्याळ दाखवायचं नाही. ऑगस्टच्या शेवटी ११ शब्द. सप्टेंबर १७. ऑक्टोबर २५. "निपुण भारत" म्हणून लहान मुलांच्या वाचन-गणितासाठी केंद्राचा जो कार्यक्रम ५ जुलै २०२१ ला सुरू झाला त्यात दुसरीच्या अखेरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द, अर्थ समजून, असं उद्दिष्ट दिलंय, आणि तिसरीला किमान ६०. तो आकडा बघून मला धडकी भरली होती. बाई म्हणाल्या, तो आकडा वर्षाच्या शेवटचा आहे, आणि समजून हा शब्द आधी वाचा. म्हणून वाचून झालं की मी एक प्रश्न विचारायचो, एकच, आणि तोही ज्याचं उत्तर मला खरंच हवं असायचं, "मग त्या बदकाने बरोबर केलं का रे?"

ऑक्टोबरात पहिलं संकलित मूल्यमापन झालं. मराठीत ब-२. गणितात ब-१. वर्णनात्मक नोंदीत बाईंनी लिहिलं होतं, "नवीन शब्द स्वतः जोडून वाचण्याचा प्रयत्न करतो." नातेवाइकांत कुणी श्रेणी विचारली की मी हीच ओळ वाचून दाखवायचो. श्रेणी बघून घरात पहिल्यांदाच कुणी कुणाकडे बघितलं नाही.

मग सहामाही सुट्टी, गावी गेलो, वही घरी राहिली, आणि नोव्हेंबरच्या शेवटी मोजलं तर २३. दोन शब्द कमी! मी हबकलो. इतकं केलं ते तीन आठवड्यांत पुसलं जातं की काय, आपल्या मुलाला काही वेगळं तर नाही ना. हा विचार खरं तर जुलैपासून होताच, बोललो नव्हतो. अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचायला-लिहायला शिकण्यातच मुळात असलेली अडचण, हा शब्द मी शंभर वेळा शोधून वाचला होता. शेवटी समुपदेशकांची वेळ घेतली, तीन आठवड्यांनी मिळाली, १९ डिसेंबर. त्यांनी वही मागितली. संपूर्ण वही शांतपणे चाळली, वीसेक मिनिटं, आणि म्हणाल्या की अडण्याच्या जागा बदलत गेल्यात, ऑगस्टमधल्या चुका डिसेंबरात नाहीत, म्हणजे शिकवलं की शिकतोय. एवढ्या लहान वयात घाईने शिक्का नको, आठ पूर्ण झाल्यावरही अडत राहिला तर रीतसर चाचण्या करू. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अडचण धरलेली आहे, त्यामुळे पुढे गरज पडलीच तर प्रमाणपत्र आणि सवलतींची वाट आहे, हेही त्यांनी समजावून सांगितलं. मला ते ऐकून भीती न वाटता उलट धीर आला. ज्यांच्या मुलांना खरंच ती अडचण आहे त्यांना एकच सांगेन, अशी तारीख-वार नोंद असेल तर सोबत न्या, आमच्या समुपदेशक म्हणाल्या की त्यांना अशी नोंद फार क्वचित मिळते.

जानेवारीत जोडाक्षरं सुरू झाली आणि पुन्हा नवा डोंगर. सगळ्यात चिवट रफार. "सूर्य" ला "सूयर", "पर्वत" ला "पवरत". त्याचं तर्कशास्त्र बरोबरच होतं, चिन्ह य च्या डोक्यावर आहे तर र नंतरच येणार ना? मग आम्ही एक खूण केली, डोक्यावर रफार दिसला की पेन्सिलीने त्या अक्षराच्या आधी छोटा बाण. दोन आठवड्यांनी बाण काढणं त्याने आपणहून सोडलं. याच महिन्यात एकच उतारा तीन दिवस पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयोग केला. पाठ होईल अशी मला भीती होती, पण बाई म्हणाल्या आधी स्वतः जोडून वाचलेलं पुन्हा वाचणं आणि न वाचता ऐकून पाठ करणं यात फरक आहे. वाचनाचा ओघ वाढायला ही जुनीच रीत आहे, १९७९ सालापासून तरी तिच्याबद्दल लिहिलं जातंय. पहिल्या दिवशी अडखळत, दुसऱ्या दिवशी बरं, तिसऱ्या दिवशी आवाजात चढउतार यायचे, पात्रांचे आवाज काढायचा. तिसऱ्या दिवशी तो आईला बोलावून आणायचा ऐकायला. पाठ झालंय का ते बघायला मी मधूनच उलट्या क्रमाने एखादा शब्द दाखवायचो.

जानेवारी ३१, फेब्रुवारी ३८. मार्चच्या शेवटी ४७.

एक चूक मार्चपर्यंत करत होतो ती सांगतो. तो अडला की मी लगेच शब्द सांगून टाकायचो, मला ती शांतता सहन व्हायची नाही. बायकोने एकदा शेजारी बसून बघितलं आणि म्हणाली मनात पाच मोजा. पाच मोजले. चौथ्या आकड्याला त्याने स्वतः वाचलं. पाचापर्यंत नाही आलं तर शब्द सरळ सांगून टाकायचा, ताणायचं नाही, आणि वहीत लिहायचा. फक्त एवढ्याने शेवटच्या महिन्यात फार फरक पडला, हे मी ऑगस्टपासून करायला हवं होतं.

२८ मार्चला शुक्रवार होता. मला यायला उशीर झाला, बघतो तर वही उघडी, "कुठे अडलं" च्या रकान्यात त्याचं अक्षर. ओळीच्या बाहेर गेलेलं, खोडरबरने कागद थोडा फाटलेला. "आज ग्रंथालय ला आडलो. बाकी नाही." मी ती ओळ तशीच डायरीत उतरवली, अडलोचं आडलो तसंच ठेवून. बाईंनी खाली लिहिलं, "मीही लहानपणी अडले होते."

प्रगतीपत्रकात यावेळी मराठी ब-१, गणित अ-२. पण मिनिटाला ४७ म्हणजे तिसरीच्या साठपर्यंत अजून बरंच अंतर आहे आणि नोव्हेंबरसारखं पुन्हा होऊ नये म्हणून सुट्टीत आठवड्याला तीन दिवस दहा मिनिटं चालू ठेवलीयत, गावी जाताना वही यावेळी पिशवीत सगळ्यात आधी ठेवली. एकूण खर्च म्हणाल तर चष्मा, समुपदेशकांची एका भेटीची फी, दोन वह्या आणि झेरॉक्स. क्लास लावला नाही. ज्यांना दहा मिनिटंही घरी देता येत नाहीत, दोघांच्या पाळ्या असतात, त्यांनी आजीआजोबा किंवा मोठ्या भावंडाला हे काम द्यावं, आमच्याकडे माझ्या पाळीच्या आठवड्यात थोरलीच ऐकायची आणि तिच्या नोंदी माझ्यापेक्षा नेमक्या असायच्या.

१६ जूनला शाळा उघडतेय. तिसरीला बाई बदलणार आहेत. जुन्या बाईंनी सांगितलंय की पहिल्याच आठवड्यात नव्या बाईंना वही दाखवा, आणि शेवटच्या आठ पानांची झेरॉक्स त्यांच्याकडे राहू द्या. ती काढून, स्टेपल करून दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवलीय.